अ‍ॅडमिशनकाका

नवी ओळख झाली की मराठी माणूस आधी आडनाव विचारतो, मग गाव, आणि मग त्या गावातला एखादा लांबचा पाहुणा शोधून काढतो. काका या वाटेला जातच नाहीत. समोर तिशी-पस्तिशीची बाई दिसली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "बारावीला बायॉलॉजी होतं का?"

हा प्रश्न त्यांनी न्यू जर्सीत एडिसनच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत विचारलेला आहे. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात गवार निवडणाऱ्या बाईला विचारलेला आहे. एका बारशात तर त्यांनी तो पाळण्यापाशी उभ्या असलेल्या बाळाच्या आईलाच विचारला. ती बी.कॉम. निघाली. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हरकत नाही, मेडिकल कोडिंग आहे. सगळा आकड्यांचा खेळ. उद्या मार्कशीट घेऊन ये." बाळाचं नाव काय ठेवलं ते त्यांना अजूनही माहीत नाही.

काका मूळचे साताऱ्याचे. तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले आणि ऑफिस सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाले. टी.सी., मायग्रेशन, एलिजिबिलिटी, डोमिसाईल, गॅप सर्टिफिकेट, नॉन-क्रीमीलेअर ही त्यांची बाराखडी. बारावीचा निकाल लागला की दीडेक महिना गावात आमदाराच्या खालोखाल त्यांना नमस्कार पडत. पुढे मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईवडिलांची ग्रीन कार्डं केली आणि दोघांना एडिसनला आणलं. पहिला हिवाळा काकांना फार जड गेला. बाहेर बर्फ आणि आत हीटर. कुणी काही मागायला येत नाही, कुणाचं काही अडत नाही, कुणाला झेरॉक्स नको. सुनेच्या एका मैत्रिणीला कम्युनिटी कॉलेजात चौकशीला जायचं होतं आणि एकटीने जायला संकोच वाटत होता. काका सोबत गेले, ते आजतागायत जातच आहेत.

त्या पहिल्या दिवशी त्यांना मोठा धक्का बसला होता. खिडकीतल्या बाईने सांगितलं की हायस्कूल पास असाल तर कॉलेजात प्रवेश आहे. काकांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही, शेवटची तारीखसुद्धा धड नाही! रांगेत पहाटेपासून चपला ठेवून गेलेलं कुणी नाही, कुणाच्या खिशात कुणाची चिठ्ठी नाही. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "इतक्या सहजासहजी देतात म्हणजे आत काहीतरी खोट असणार."

मग त्यांनी खोट शोधायला घेतली. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी 1901 साली सहा विद्यार्थ्यांवर असलं पहिलं सार्वजनिक कॉलेज निघालं, हे वाचून ते हळहळले. "सहा! आपल्याकडे तुकडीलासुद्धा मान्यता मिळाली नसती." पुढे 1947 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर पसरवायला सांगितलं आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे, त्यातली 18 न्यू जर्सीत, हे सगळं काकांना पाठ आहे. एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज तर लष्कराच्या जुन्या दारूगोळा कोठाराच्या जागेवर उभं आहे. हे कळल्यापासून काका तिथल्या हिरवळीवरून जरा जपून चालतात.

खोट सापडली, आणि काकांच्या जिवात जीव आला. कॉलेजात प्रवेश सगळ्यांना, पण नर्सिंगमध्ये नाही! रेडिओग्राफीत नाही, डेंटल हायजीनमध्ये नाही. बाहेरचा दरवाजा सताड उघडा आणि आत गेल्यावर आणखी एक दरवाजा, तो मात्र मुंगी शिरेल एवढाच. आधी अ‍ॅनॅटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश हे विषय कॉलेजातच चांगल्या ग्रेडने पास व्हायचे. मग अनेक ठिकाणी 'टीज' नावाची परीक्षा : 209 मिनिटांत 170 प्रश्न. मग गुण, मग यादी, मग वेटिंग. कॅलिफोर्नियातल्या काही कॉलेजांत तर पात्र अर्जदारांची चिठ्ठी काढतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हाडाची सोडत!" त्या दिवसापासून अमेरिका त्यांना परकी वाटेनाशी झाली.

जागा कमी का, याचं कारण काकांना नीट कळलेलं आहे आणि कुणालाही थांबवून ते सांगतात. वर्गात बाकं वाढवता येतात, हॉस्पिटलात खाटा वाढवता येत नाहीत. प्रत्यक्ष रुग्णांजवळ काम शिकवायचं तर एका शिक्षिकेच्या हाताखाली फार तर दहा-बारा मुलं. आणि ती शिक्षिका मिळणंही मुश्कील, कारण जी नर्स शिकवायला येऊ शकते तिला शिकवण्यापेक्षा नोकरीतच जास्त पैसे मिळतात. हे ऐकून एकदा काकू किचनमधून म्हणाल्या, "मग तुम्ही एवढी गर्दी कशाला करता तिथं?" काकांनी ऐकलं नाहीसं केलं.

काकांच्या दैवतांमध्ये एक बाई आहेत, मिल्ड्रेड मॉन्टॅग. नर्स दोन वर्षांतही तयार होऊ शकते, असा प्रबंध त्यांनी 1951 साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मांडला आणि पुढच्याच वर्षी ज्युनियर कॉलेजांतून तसा प्रयोग सुरू झाला. काकांना त्यातलं शिक्षणशास्त्र फारसं कळत नाही. त्यांना मोह पडला आहे तो हिशेबाचा. दोन वर्षं शिकलेली आणि चार वर्षं शिकलेली, दोघींना लायसन्सची परीक्षा एकच. "एकच पेपर!" हे सांगताना त्यांचा आवाज कापतो. "फी एवढीशी आणि पेपर एकच!"

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीकडे यायला हवं, कारण काकांची खरी कला फायलीत आहे.

अमेरिकेत येणाऱ्या आपल्या मुलींचा घोळ विषयांपासून होत नाही, तो नावापासून होतो. काकांची एक गाजलेली केस आहे. मुलगी सांगलीकडची, बी.एस्सी. दहावीच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर तेच, पण आईचं नाव जोडलेलं. लग्नात हौसेने तांदळात अंगठीने लिहून नवं नाव ठेवलेलं, ते मॅरेज सर्टिफिकेटवर. पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवलं, पण मध्ये नवरा आणि शेवटी सासरचं आडनाव. कॉलेजच्या संगणकाच्या मते या चार वेगळ्या बायका होत्या आणि त्यातल्या एकीचीही पदवी पुरी झालेली नव्हती. मुलगी रडायला आली. काका मात्र खुलले होते. त्यांनी सांगलीला फोन लावून राजपत्राचा उतारा मागवला, सासऱ्यांकडून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र घेतलं, लग्नपत्रिका मागवली, तीही मूळ प्रत. सगळं अनुक्रमणिकेसह फायलीत लावलं, रंगीत चिकट पट्ट्या लावल्या. खिडकीतल्या बाईने मॅरेज सर्टिफिकेट तेवढं काढून घेतलं आणि फाईल परत दिली. काका घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

गॅझेटेड ऑफिसर या देशात नाही, हे दुःख त्यांना पहिले काही महिने पुरलं. मग नोटरी सापडला. बँकेत बसलेला, साध्या कपड्यातला, पण शिक्का मारणारा. तेव्हापासून काका कुणी न मागितलेले कागदही नोटरी करून आणतात.

मार्कशीटच्या मूल्यमापनासाठी मुंबई विद्यापीठाकडून, कलिन्याहून, ट्रान्सक्रिप्ट सीलबंद लिफाफ्यात मागवायची हा एक स्वतंत्र अध्याय आहे. एका मुलीचा भाऊ दोन-तीनदा रजा टाकून गेला आणि कसाबसा लिफाफा मिळवून त्याने घरी आणला. तिच्या आईने मोठ्या प्रेमाने तो फोडला, मार्क बरोबर आहेत ना ते पाहिलं, हळदकुंकू लावलं आणि डिंकाने पुन्हा चिकटवला. इकडे मूल्यमापनवाल्यांना हळदकुंकवाची परंपरा ठाऊक नसावी. लिफाफा बाद. आता काका पहिल्याच भेटीत सांगतात, "आईला फोन करून सांग, पाकिटाला हात लावायचा नाही. देव्हाऱ्यात ठेवलं तरी चालेल, फोडायचं नाही."

आणि एवढं करूनही विषयांची माफी मिळेलच असं नाही. पुष्कळ कॉलेजांत सायन्सचे क्रेडिट पाच-सात वर्षांनी शिळे धरतात. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेल्या एका बाईंना पहिल्या पायरीचा मायक्रोबायॉलॉजीचा कोर्स पुन्हा घ्यावा लागला. त्या चिडून म्हणाल्या, "काका, पाच वर्षांत जंतू बदलतात का?" काका शांतपणे म्हणाले, "जंतू नाही बदलत गं, परिपत्रक बदलतं." त्या बाईंनी कोर्स केला, पहिल्या आल्या, आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या दोन चुका काढल्या. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल काका नाराज आहेत. अ‍ॅडमिशनला धोका पोचेल असं कुणी वागू नये.

प्रवेश मिळाल्यावर लसी येतात. गोवर, गालगुंड, कांजिण्या, हेपटायटिस बी, धनुर्वात, फ्लू. प्रत्येकाचा पुरावा हवा. आपल्या पिढीचे पुरावे कराडच्या किंवा वाईच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत असतात आणि ट्रंकेची किल्ली आत्याकडे असते. कागद सापडला नाही तर रक्ताची चाचणी करून शरीरात प्रतिकारशक्ती आहे की नाही ते बघतात. काकांना ही पद्धत मनातून पटलेली नाही. रक्तच साक्ष द्यायला लागलं तर सर्टिफिकेटांचं काय व्हायचं? क्षयाची तपासणी मात्र त्यांचा हातखंडा विषय. आपल्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण असतो, त्यामुळे कातडीखाली टोचून करतात ती चाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि घरात रडारड. काका आधीच बजावतात, "रक्तावरची माग. तिला बी.सी.जी.चा फरक पडत नाही." हे ज्ञान त्यांनी एका घाबरलेल्या सासूला फोनवरून दिलं तेव्हा तिकडून विचारणा झाली की डॉक्टर कुठले? काकूंनी फोन घेऊन सांगितलं, "साताऱ्याचे, ऑफिसातले."

फॅफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म काकांचा जीव की प्राण होता. एच-फोर व्हिसावाल्या मुलींना त्याचा उपयोग नाही, त्यांनी शिकावं पण मदत मागू नये असा नियम आहे. पण ग्रीन कार्डवालीला भरता येतो. पूर्वी त्यात शंभरावर प्रश्न असत. सरकारने तो सोपा करायला घेतला, काहींना जेमतेम 18 प्रश्नांत उरकता येईल असं जाहीर केलं, आणि 2023 च्या डिसेंबरअखेर तो नवा फॉर्म आला तो अडखळत, बंद पडत. साऱ्या देशात ओरड झाली. काका शांत होते. "प्रश्न कमी केले की असंच होणार," एवढंच म्हणाले.

कोर्स निवडून देण्यातही त्यांचं एक शास्त्र आहे. जिला लहान मूल आहे आणि दुपारी वेळ आहे तिला फ्लेबॉटॉमी, म्हणजे रक्त काढणं. शिवणाची आवड असेल तर त्यातही हात बसतो, असा त्यांचा दावा. जी फोटो काढताना सगळ्यांना "जरा डावीकडे, मान वर" करते तिला रेडिओग्राफी. जिच्या घरी फराळ झाल्यावर टेबल लगेच पुसलं जातं तिला डेंटल हायजीन. आणि जिला काहीच ठरवता येत नाही तिला सी.एन.ए., नर्सिंग असिस्टंट. 1987 च्या केंद्रीय कायद्याने त्याला किमान 75 तासांचं प्रशिक्षण बांधून दिलं आहे, राज्यं हवं तर वाढवतात. थोड्या आठवड्यांत हातात सर्टिफिकेट.

याच सी.एन.ए.वर आमच्या घरांतून लढाया होतात. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचा, भरवायचं. इंजिनियर नवऱ्याची बायको, तीही एम.एस्सी., आणि हे? व्हिडिओ कॉलवर एक सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे याला बाई लावतात." काका शेजारीच बसलेले होते. ते पुढे सरकले आणि अदबीने म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे जी लावता तिला सर्टिफिकेट आहे का?" नव्हतं. "हिला असणार आहे. राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव चढणार." रजिस्टर म्हटल्यावर सासूबाई नरमल्या. त्या आठवड्यात सोसायटीत बातमी पोचली की सून अमेरिकेत मेडिकलला आहे. ती खोटी म्हणता येणार नाही. आमच्या गावांच्या हिशेबात सी.एन.ए.पासून हृदयाच्या सर्जनपर्यंत सगळे मेडिकललाच असतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, काय परोपकारी माणूस! आहेतच. पण काकांच्या परोपकाराला एक विचित्र कड आहे, ती मला माझ्या बायकोमुळे कळली. तिची रेडिओग्राफीची फाईल काकांनीच केली. जागा मिळाल्याचा ईमेल आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढे दिले, डोळे पुसले. त्यानंतर ती त्यांच्या लेखी संपली. मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवून, पांढरे बूट घालून ती पहाटे हॉस्पिटलात जायला लागली. पहिल्यांदा एका घाबरलेल्या आजोबांचा छातीचा एक्स-रे तिने एकटीने नीट काढला आणि उत्साहाने काकांना सांगायला गेली. आजोबा कसे थरथरत होते, तिने त्यांचे खांदे कसे धरले, श्वास रोखायला कसं सांगितलं. काका "हो का, वा वा" करत होते, पण त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. दारात नुकतीच हैदराबादहून आलेली कुणाची तरी वहिनी चपला काढत होती.

म्हणजे काकांना शिकलेल्या माणसात रस नाही, शिकायला निघालेल्या माणसात आहे. अ‍ॅनॅटॉमीत कोण नापास झालं, रात्रपाळीत कुणाचे पाय सुजले, कुणाच्या हातात पहिला रुग्ण दगावला, यातलं ते काही विचारत नाहीत. बायकोला राग येतो. मला येत नाही. सगळ्यांनी सगळीकडे सोबत असावं असं थोडंच आहे? दारापर्यंत पोचवणारा माणूसही मिळत नाही आजकाल. मात्र कुणी मधेच कोर्स सोडला तर काकांना तो स्वतःचा अपमान वाटतो. एकीने दुसऱ्या बाळंतपणासाठी नाव मागे घेतलं, तेव्हा डोहाळजेवणाला काका आले नाहीत, काकू एकट्याच आल्या.

गेल्या महिन्यात काकांची रक्ततपासणी होती. मुलगा कामात, त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी घेऊन गेलो. उपाशीपोटी काका जरा चिडचिडे होते. आत बोलावलं तर समोर त्यांचीच एक जुनी केस, कोल्हापूरची मुलगी, निळ्या स्क्रब्जमध्ये, ग्लोव्हज घालत होती. तिला फ्लेबॉटॉमीला काकांनीच घातलं होतं. ती एवढी हसली की मीसुद्धा हसलो. काकांनी मान डोलावली आणि बाही वर केली. ओळखीचं असो की अनोळखी, नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्या तोंडूनच ऐकायची असा तिथला शिरस्ता.

"काका, जन्मतारीख सांगा."

"कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"खरी की शाळेची?"

ती थांबली. मग तिला आठवलं असावं, कारण तिच्याही वडिलांची असणार. "शाळेची सांगा, काका."

"एक जून," काका म्हणाले, आणि साल सांगितलं.

तिने दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळग्यात बोटाने शीर चाचपली, मूठ आवळायला सांगितली आणि काकांना कळायच्या आत सुई गेलीसुद्धा. नळीत रक्त येऊ लागलं. काका त्या नळीकडे पाहत नव्हते. खूप दिवसांनी ते तिच्याकडे नीट पाहत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी चमक दिसली.

"तुझं अ‍ॅनॅटॉमी कधी झालं गं?"

"मूठ सोडा, काका."

"सोडतो. आधी सांग. पाच वर्षं व्हायच्या आत वापरायला पाहिजे ते. मायक्रो झालंय?"

"मूठ सोडा, नाहीतर हात दुखेल."

"नर्सिंगचे फॉर्म सुटलेत," काका म्हणाले, मूठ तशीच. "संध्याकाळी मार्कशीट घेऊन ये."